व्हिएन्नाचे कारळे

दुबईच्या करामा वस्तीत जगन्नाथ वर्तकांना लोक पाठीमागे ‘कस्टम्स’ म्हणत. तोंडावर काका म्हणत, कारण दुपारचा डबा त्यांच्याकडूनच येत असे. जगन्नाथ आणि सुलक्षणाबाई गेली वीसेक वर्षं डबे आणि दिवाळीचा फराळ पुरवत होते. रांधणं बाईंचं, पोचवणं आणि उपदेश करणं जगन्नाथांचं. उपदेश डब्यापेक्षा गरम असे. कुणी सुट्टीला गावी निघालं की ते डबा हातात देताना दार अडवून उभे राहत.

“येताना लोणचं आण, पापड आण. खसखस आणू नकोस. गावाकडे ती अनारशाला लावतात, इथे तिच्यापायी आत टाकतात.”

बोलणं खोटं नव्हतं. अफूच्या झाडाचं बी म्हणून इथे खसखशीला बंदी. वर्तकांकडचे अनारसे त्यामुळे तिळावर थापले जात आणि पुण्याच्या बायका नाक मुरडत ते हमखास घेऊन जात. गेल्या दिवाळीत देऱ्याच्या एका ट्रेडिंग ऑफिसातला रणजित, आईने बॅगेत गुपचूप घातलेली खसखशीची पुडी घेऊन मोठ्या प्रेमाने दारात आला. काकांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याच्याबरोबर त्याच्या खोलीवर गेले, पुडी संडासात ओतायला लावली आणि बाहेरून ओरडले, “अजून एकदा फ्लश कर!”

असा हा माणूस ईदच्या सुट्टीत व्हिएन्नाला गेला. नेलं मुलीने. पर्णिका करामातच वाढलेली, आता दुबई मरीनातल्या ऑफिसात नोकरीला. आईबाबांनी युरोप बघायचाच, असा तिचा हुकूम होता.

पहिल्या दिवशी शोनब्रुनचा पिवळाधमक राजवाडा. “एवढ्या खोल्या! झाडत कोण असेल?” एवढंच सुलक्षणाबाईंना म्हणावंसं वाटलं. जगन्नाथांना मात्र राजापेक्षा मागच्या टेकडीवरच्या कॅफेत जास्त दम दिसला. तिथे त्यांनी आत काळंभोर सारण भरलेला केक खाल्ला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “कारळे! सुलू, ही माणसं गोडात कारळे घालतात. डोकं आहे बघ.”

तेव्हापासून प्रत्येक प्रेक्षणीय स्थळामागे एक केक असा क्रम लागला. बाजारात एका दुकानाबाहेर त्याच काळ्या दाण्यांची गोणी दिसली. सुलक्षणाबाईंनी दाणे तळहातावर घेतले. “कारळे लांबट असतात हो. हे गोल आहेत.”

“थंडीने आकसले असतील,” जगन्नाथ म्हणाले.

बाईंनी किलोभर घेतले. करामातल्या सगळ्या डबेवाल्या गिऱ्हाइकांना कारळ्याची चटणी खिलवायची होती.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. शहरातल्या स्टेशनवर सकाळीच बॅगा विमानासाठी जमा करायची सोय होती, ती पर्णिकाने साधली आणि तिघं मोकळ्या हातांनी प्रातर बागेतल्या जुन्या आकाशपाळण्यात बसली. पाळणा कसला, रेल्वेचा डबाच तो, खिडक्यांसकट. तो रखडत वर चढला आणि खाली सगळी व्हिएन्ना पसरली.

“बाबा, केकचा फोटो पोस्ट करतेय. व्हॉट वॉज इट कॉल्ड?” पर्णिकाने मेन्यूचा फोटो मोबाइलकडून इंग्रजीत करून घेतला. “हां. पॉपी सीड केक.”

“म्हणजे काय?”

पर्णिकाला मराठी शब्द आठवेना. सुलक्षणाबाईंना आठवला, आणि त्या खिडकीचा कठडा धरून खाली बसल्या. “अहो. खसखस.”

“खुळी का तू? खसखस पांढरी असते.”

“इंडियन वाली, बाबा. इथे इट्स ब्लॅक. लुक.” तिने मोबाइल पुढे केला. फोटोत तेच दाणे होते. गोल. थंडीने न आकसलेले.

नेमका तेव्हाच पाळणा माणसं घेण्यासाठी थांबला. जगन्नाथ व्हिएन्नाच्या सगळ्यात उंच टोकाला लटकत राहिले.

“पिशवी कुठाय?” त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

“मोठ्या बॅगेत. साड्यांच्या घडीत गुंडाळून. फुटू नये म्हणून.”

“साड्यांत! लपवल्यासारखी!”

खाली उतरताच त्यांनी स्टेशन गाठलं. काउंटरवरची मुलगी फार गोड हसली. बॅगा विमानतळाकडे रवाना झाल्या होत्या, आता दुबईतच मिळतील, काळजी नसावी.

उरलेले तास जगन्नाथ मुलीचं मन मोडू नये म्हणून स्थळं बघत हिंडले. सेंट स्टीफनच्या चर्चचं रंगीत कौलांचं छप्पर बघायला सगळं जग माना वर करून उभं होतं. जगन्नाथ आत जाऊन हात जोडून उभे होते. कधीतरी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे बी पोटात असलं तर तपासणीत अफूच सापडते. म्हणून ते बाटल्यांवर बाटल्या पाणी पीत सुटले. पुढे होफबुर्गच्या बादशाही वाड्यात त्यांनी जे पाहिलं, ते सगळं पुरुषांच्या स्वच्छतागृहात.

“बाबा, रिलॅक्स ना.”

“तुझं काय जातंय? तू मरीनात राहशील. व्हिसा माझा जाईल. आपलं किचन जाईल.”

विमानात त्यांना झोप नव्हती. दुबई सोडायची म्हणजे काय काय सोडायचं, हे ते मनात चाचपत होते. मोठा कुकर कुणाला द्यायचा? ज्यांना तेल चालत नाही त्या तहसीनबाईंचा डबा कोण करणार? गावी त्यांना आता कोण ओळखत होतं?

दुबईला उजाडलं होतं. पट्ट्यावर बॅगा आल्या. लोक उचलून निघाले. वर्तकांची मोठी बॅग येईना. कुणीतरी ती बाजूला काढली असणार, कुत्र्याने हुंगली असणार, असं जगन्नाथ पुटपुटत असतानाच ती डुलत डुलत बाहेर आली. कुलूप तसंच होतं.

समोर कस्टम्सच्या दोन वाटा, काही सांगण्यासारखं नसेल त्यांना हिरवी, असेल त्यांना लाल. हिरव्या फाट्याने माणसं बिनदिक्कत बाहेर पडत होती. लाल पाटीखाली कुणीच नव्हतं.

सुलक्षणाबाईंनी नवऱ्याची बाही धरली. “अहो, हिरव्यातून चला. आणि विचारलंच तर कारळे म्हणा. कुणाला कळतंय? तुम्हाला तरी कळलं का?”

युक्तिवाद बिनतोड होता. जगन्नाथ दोन पावलं हिरव्याकडे गेलेसुद्धा. मग थांबले.

“सुलू, त्या पोराला मी दोनदा फ्लश करायला लावलं.”

आणि ट्रॉली लाल पाटीकडे वळवली.

टेबलामागे तरुण अधिकारी होता. “हां अंकल, क्या है?”

रात्रभर घोकलेलं भाषण उडून गेलं. “साहब, खसखस. पॉपी सीड. एक किलो. साडी में है, लेकिन छुपाया नहीं.”

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. त्याने साड्या उलगडल्या, पिशवी काढली, तिघांचे पासपोर्ट घेतले आणि आत गेला. दार बंद झालं. सुलक्षणाबाई विस्कटलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालू लागल्या, आणि एकीची घडी काही जमेना. जगन्नाथांच्या तोंडाला कोरड पडली. पण पाणी आता त्यांना बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने एक वरिष्ठ बाई बाहेर आल्या. छातीवर हिबा असं नाव होतं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

“ये क्यूँ लाया?”

“चटनी के लिए, मॅडम. हम को दुसरा बीज लगा. ग़लती हो गया.”

“और कुछ है?”

इथे कुणीही ‘नो मॅडम’ म्हणालं असतं. जगन्नाथांनी पोटावर हात ठेवला. “इधर भी है. रोज़ केक खाया.”

पर्णिकाने डोळे घट्ट मिटले. तरुण अधिकारी एकाएकी भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. हिबाबाई मात्र जगन्नाथांकडे बघत राहिल्या, बघत राहिल्या.

“केक खलास?”

“खलास, मॅडम. ज़िंदगी भर खलास.”

त्यांनी एका कागदावर जगन्नाथांची सही घेतली, पिशवी नष्ट करायच्या पेटीत टाकली आणि पासपोर्ट पुढे सरकवले. “खुद बोला, अच्छा किया. अगली बार पहले पूछना. यल्ला, जाओ.”

बाहेर रणजित गाडी घेऊन आला होता. “या काका! कशी काय व्हिएन्ना? आमच्यासाठी काय आणलंत?”

मायलेकी बॅगा डिकीत ठेवू लागल्या. जगन्नाथांना गप्प बसता आलं असतं. पण गाडी सुरू व्हायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. कारळ्यांपासून पोटापर्यंत, काही न गाळता.

रणजित हसला नाही. आरशातून फार गंभीरपणे त्याने विचारलं, “काका, एकच शंका. पोटातल्याचं काय केलंत?”

“राजाच्या वाड्यात गेलो होतो,” जगन्नाथ खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“फ्लश केलंत?”

“केलं.”

“एकदाच?”

“दोनदा.”