साडूच्या पूजेतल्या मोटरी

माझं आणि माझ्या साडूचं लग्न एकाच मांडवात लागलं, आणि तेव्हापासून सासुरवाडीत आम्हाला एकाच तराजूत तोलतात. पारडं जड कुणाचं, हे सांगायला नकोच. मी कंपनी सोडून कुरुळीत गाळा घेतला, तर सहा महिन्यांत हाही मागच्या गल्लीत हजर.

चाकणच्या एका कंपनीला रबरी सीलवर गम सोडणारं छोटं मशिन हवं होतं. आम्हा दोघांनाही नमुना करायला सांगितला. ज्याचा नमुना पूर्ण शिफ्ट न चुकता चालेल, त्याला सहा मशिनं. ऑर्डर गेली तर गाळा बंद करून मला पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरीला उभं राहावं लागणार होतं.

सांगाडा तयार होता. राहिल्या होत्या मोजून पावलं टाकत फिरणाऱ्या स्टेपर मोटरी आणि त्यांना चालवणारी ड्रायव्हर नावाची सर्किटं. चुकलेलं पाऊल स्वतःच सावरणारी सर्व्हो मोटर खिशाबाहेर होती. स्टेपर स्वस्त, पण तिच्यात पन्नास प्रकार. खरं तर वजन किती, वेग किती याचा हिशोब मांडून निवडायची. माझ्या डोक्यात एकच किडा, साडूने कोणती घेतली? त्याला विचारू? मेलो तरी नाही!

तेवढ्यात खंडेनवमी आली. बायकोला घेऊन त्याच्या गाळ्यात गेलो, तर मशिनवर चादर. "रंग ओला आहे हो, पाहुणे," म्हणे. रंग कसला डोंबलाचा! पण पुढे पाटावर पान्हे, व्हर्नियर, आणि त्यांच्याशेजारी हळदीकुंकू लावलेल्या दोन मोटरी, ड्रायव्हरसकट. मी चांगला वाकून नमस्कार केला आणि लेबलवरचे आकडे पाठ करून उठलो. बायकोला माझ्या भक्तीचं कौतुक वाटलं.

दुकानदाराने विचारलं, "लोड किती? स्पीड किती? ही मोटर वेगात दम टाकते."

"लेक्चर नको राव, मोटर द्या," मी म्हणालो. आणि किती स्वस्त! साडूचं गुपित पिशवीत घेऊन मी शीळ घालत आलो.

चाचणीच्या दिवशी पहिला तास झकास गेला. कंपनीच्या साहेबांनी वेग वाढवायला सांगितला आणि गमची रेघ सीलवरून घसरून टेबलावर गेली. मोटर मागे पडली होती, कंट्रोलरला त्याचा पत्ताच नव्हता, तो आपला पुढचे पुढचे आकडे मोजत होता. साहेबांनी बोटाला लागलेला गम पुसला आणि वही मिटली. शेजारी साडूचं मशिन शिफ्टभर चाललं. खाली वाकून बघितलं तर त्याच्या मोटरी वेगळ्याच!

"पूजेत तर दुसऱ्या होत्या," माझ्या तोंडून गेलं.

"त्या होय? अहो, त्यांनी दोन महिने रडवलं मला, म्हणून काढून टाकल्या," तो म्हणाला. "पण जे शिकलो ते त्यांच्यापायीच. म्हणून पूजेचा मान त्यांना." मग त्याचं लक्ष माझ्या मोटरींकडे गेलं. त्याला सगळं कळलं. हसला मात्र नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"सहातली दोन तुम्ही करा, पाहुणे. मला एकट्याला झेपायची नाहीत."

झेपली असती. मलाही ठाऊक होतं, त्यालाही. गाळा वाचवायचा म्हणून मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत आतून नुसती आग आग होत होती. ऑर्डर याची ती याची, वर मोठं मनसुद्धा यानेच दाखवायचं?

"दोन मशिनं मिळाली," मी बायकोला सांगितलं.

तिचा चेहरा फुलला. "दाजींनी दिली ना?" ती म्हणाली.