रोट घशात अडकला तेव्हा

त्या वर्षी कानबाईपुढे बसले ती मनात राग घेऊनच. माझ्या पापण्या आपोआप मिटायच्या, संध्याकाळपर्यंत मान छातीवर पडायची, बोलणं नाकातून यायचं. सकाळी मात्र मी बरी असायची, म्हणून घरात कुणाला खरं वाटत नव्हतं. कामाचा कंटाळा, असंच सगळे म्हणत. मुलं लहान होती. देवी बघते तरी का, अशी शंका मला येऊ लागली होती.

आमच्या रनाळे गावात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. घरी दळलेल्या गव्हाचा रोट, म्हणजे जाड पोळी, प्रसादाला करतात, तो भाऊबंदांनीच खायचा. त्या संध्याकाळी आरतीत माझे डोळे मिटले, मान लटकली. कुणीतरी ओरडलं, अंगात आलं. झालं! बायका पाया पडू लागल्या. शेजारच्या काकूनं मुलाच्या लग्नाचं विचारलं, "माय, मन्हा आंडोरनं लगीन कव्हय हुई?"

"माले पानी द्या," मी म्हणाले. ते नाकातून असं निघालं की कुणाला कळलंच नाही. "देवीनी भाषा शे," काकूनं सगळ्यांना सांगितलं. माझे मालकही हात जोडून उभे. मला चिडायचं होतं, पण चिडायलाही ताकद लागते. मग मनात म्हणाले, बाई, आता तूच बघ, माझ्याच्यानं डोळाही उघडत नाही.

तेवढ्यात कुणी खिरीत बुडवलेला रोटाचा तुकडा माझ्या तोंडात घातला. तो घशात अडकला, श्वास कोंडला, खीर नाकातून बाहेर आली. मला कधी घडीभर बसू न देणाऱ्या माझ्या सासूबाई पुढे आल्या. त्यांनी पाठीत धपका घातला आणि बोट घालून तुकडा काढला.

"कानबाई सोताना रोट थुकी का?" त्या कडाडल्या. "मन्ही वऊ बिमार शे! पाय पडाले येतस सम्दा, पानी पाजाले कोन्ही येत नई!" मग माझ्या मालकांकडे वळून म्हणाल्या, "उभा काय ऱ्हायना? गाडी जुप!"

नवापूरकडच्या डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पापण्या वर गेल्या. समोर मालक रडत होते. "रडाले काय व्हयनं?" मी विचारलं. आवाज माझाच होता. पण डॉक्टर म्हणाले, हा गुण काही तासांचाच. स्नायू लवकर थकवणाऱ्या अशा दुखण्यात कधी कधी छातीत गाठ असते, मुंबईला जाऊन फोटो काढा.

फोटोत गाठ निघाली. छातीच्या हाडामागे लहानपणी एक ग्रंथी असते, ती पुढे आक्रसते. माझी तिथेच वाढली होती, काळजाच्या आणि फुप्फुसाच्या आवरणाला धरून बसली होती. कापून निघणार नाही, किरणांनी जाळून बघू, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. रोज मला यंत्राखाली झोपवायचे आणि सगळे दार लावून बाहेर जायचे. हलायचं नाही, एवढंच माझं काम. जन्मभर मी हातानं केलं तेच खरं मानलं होतं. तिथे हाताला काही नव्हतं. पहिल्या दिवशी भीती वाटली. पुढे मी कानबाईचं नाव घेऊन पडून राहू लागले, जे व्हायचं ते तिच्यावर टाकून. छातीची कातडी काळी पडली, अन्नाची शिसारी आली, पण हळूहळू घास खाली उतरू लागला.

रोट का अडकला? डॉक्टर म्हणाले, गिळायचे स्नायू थकले होते. थकले असतील. पण नेमका तोच घास अडकला आणि सासूबाईंना खरं दिसलं, याला मी कृपा म्हणते. कुणाशी वाद घालत नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "गाठ आटली आहे, गेली आहे असं म्हणणार नाही. गोळ्या चालू ठेवा." किती वर्षं जगेन, हे मी त्यांना विचारलं नाही, देवीलाही नाही. घरी आले, दोघींना, देवीला आणि सासूबाईंना, नमस्कार केला, विळा घेतला आणि कापणीला गेले. आज माझ्या नातवंडांची लग्नं झाली आहेत.