माझ्याच हातचं खातो

पुतणीची आत्या, म्हणून सगळ्या गल्लीचीच आत्या झाली. धंदा रफूचा. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोक असं विणून टाकायचं, की घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. भावाच्या घरातली मागची खोली तिची. तिला एकच खिडकी, आणि हातभर अंतरावर गोदामाची भिंत. वीस वर्षं त्या भिंतीकडे बघत तिने सुईत धागे ओवले.

पुतणीला पाली पाळायचा नाद. भिंतीवरच्या नव्हेत, जमिनीवर चालणाऱ्या, पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या. नोकरीसाठी ती परगावी गेली तेव्हा बाकीच्या पाली मैत्रिणींनी नेल्या, एक पिल्लू कुणी घेईना. खालचा जबडा डावीकडे सरकलेला, मागचा एक पाय उलटा, शेपटी आकड्यासारखी वळलेली. "आत्या, तुझ्या हाताला गुण आहे," असं म्हणून पोरीने पिलाचा एक डबा आणि खाण्याच्या रातकिड्यांचा एक डबा टेबलावर ठेवला नि गेली. घरात कुणाला नको ते आत्याच्या खोलीत यायचं, तसंच हे आलं. आत्याने नाव ठेवलं वाकडोबा.

वाकडोबाला शिकार जमायची नाही. झडप घालावी तर तोंड किड्याच्या शेजारून जायचं. मग आत्या रफूचा चिमटा घ्यायची, किड्याचं डोकं नि तंगड्या काढायची, धड कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायची आणि पोट दाबून आतला गर त्याच्या नाकाला लावायची. चाटायला तोंड उघडलं की उजव्या बाजूने किडा आत. कात टाकताना बोटांना कातडी अडकली, तर बोट गळून पडायची भीती. म्हणून कोमट पाण्यात बसवून ओल्या कापसाने एकेक बोट सोडवायचं. एकदा एक रातकिडा निसटला आणि वकिलाच्या लोकरी कोटाची बाही कुरतडून गेला. आत्याने ती रफू केली. वकिलाला अजून पत्ता नाही.

दोन महिन्यांपूर्वी वहिनीची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. वहिनी म्हणाली, "आत्या, महिनाभर तिच्याजवळ जाऊन राहा. तुमची सुई काय, कुठेही चालते."

"गेले असते हो," आत्याच्या तोंडून निघून गेलं, "पण वाकडोबा माझ्याच हातचं खातो. मी नसले तर मरेल."

थाप होती. पुतणीच्या हातचं तो खातच होता की. पण थाप लागू पडली, आणि अशी पडली की वहिनीने आईलाच इकडे आणलं. पुढच्या खोलीत खाट पडली. म्हातारीला उठवणं, पुसणं, बेडपॅन देणं आत्याकडे आलं. भाऊ पेपरामागून म्हणाला, "आत्याबाई, एकाला भरवतेस तिथे दोघांना."

मग एका परगावच्या नाट्यगृहातून फोन आला. मखमली पडद्यांना शेकडो भोकं, सहा महिन्यांचं काम, राहायला वरची खोली. व्यवस्थापक म्हणाला, "दोन खिडक्या आहेत बाई, समोर मैदान आहे. फक्त किडामुंगी आणू नका, पडदे आधीच खाल्लेत. गुरुवारपर्यंत कळवा."

वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. आम्ही कोण अडवणारे? पण त्या मुक्या जिवाचं काय? तुम्हीच म्हणालात, तुमच्याच हातचं खातो."

"तुम्ही भरवून बघा ना. मी दाखवते."

"मी? पालीला?"

"एकदाच. गुरुवारी मी कोट पोचवायला जाईन तेव्हा."

वहिनीने हातातला देठ मोडला. मग म्हणाली, "बरं."

गुरुवारी सकाळी आत्याने वाकडोबाचं वजन केलं. चार ग्रॅम. चिमटा, भुकटी, रातकिड्यांचा डबा मांडून ती गेली. परतताना पाय भराभर पडत होते. बॅगेत काय काय भरायचं तेच डोक्यात.

वहिनी दारातच उभी होती. "नाही हो खाल्लं. नाकाला लावलं तर तोंडच फिरवलं. तुमच्या हाताची सवय त्याला." आवाजात हळहळ होती, आणि रफू इतकी सफाईदार की जोड कुठे दिसत नव्हता.

आत्याने वाकडोबाला काट्यावर ठेवलं. साडेचार. पोट वाटाण्यासारखं टम्म. चिमट्याशेजारी कागदावर रातकिड्यांची तीन डोकी पडली होती. धड एकाचंही नव्हतं.

डोक्यांकडे वहिनीने पाहिलं. तिने पाहिलं, हे आत्यानेही पाहिलं.

"किती भरलं?" वहिनीने विचारलं.

खाल्लंय की, असं म्हणायचं तर आधी स्वतःचीच थाप उसवावी लागणार होती. आणि जिच्याकडे जायचं टाळलं ती म्हातारी पुढच्या खोलीत पडल्या पडल्या सगळं ऐकत होती.

"तेवढंच," आत्या म्हणाली आणि काट्यावरचा आकडा हाताने झाकला.

"बघा," वहिनी म्हणाली.

आत्याने नाट्यगृहाला फोन करून जमत नाही म्हणून सांगितलं. व्यवस्थापकाने कारण विचारलं. "घरी आजारपण आहे," म्हणाली. कुणाचं ते सांगितलं नाही. म्हातारीला बेडपॅन दिलं, हात धुतले आणि खिडकीशी येऊन बसली. तिची सावली डब्यावर पडताच वाकडोबाने वाकडं तोंड उघडलं.

तेवढ्यात वहिनी वाळलेले कपडे ठेवायला आत आली. तिची सावली पडली, तेव्हाही उघडलं.

वहिनीने कपड्यांची चळत खाली ठेवली. आत्याने सुई उजेडाकडे धरली.