वाणात मिळालेली तपासणी

यंदा बंगळूरच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू जयनगरला आमच्या घरी होतं. वाणाची जबाबदारी पुण्याहून नव्याने आलेल्या, आयटीतल्या एका मुलीने हौसेने घेतली. तेच ते प्लास्टिकचे डबे नकोत म्हणून तिने एका हॉस्पिटलची कूपनं आणली. स्तनांची तपासणी, मोफत.

कपाळाला कुंकू आणि हातात मॅमोग्राफी! सगळ्याजणी पदर सावरून बसल्या. पण वाण नाकारायचं नसतं, त्यामुळे चर्चा सुरू झाली.

"चाळिशीनंतर एव्हरी इयर करायची," मुलगी म्हणाली.

"छे! माझ्या लंडनच्या बहिणीला तीन वर्षांनी बोलावतात."

"आमची डॉक्टर दोन वर्षं म्हणते, अक्का. उगीच दरवर्षी कशाला? स्वल्प दुखतंसुद्धा म्हणे."

एक, दोन की तीन, या वादात तिळाच्या वड्यांचं ताट रिकामं झालं. आजवर एकदा तरी कोण जाऊन आलंय, असं मी विचारलं मात्र, सगळ्यांना घरची कामं आठवली. बऱ्याचजणी आपापलं वाण सोफ्यावर विसरून गेल्या. नाकारलं कुणीच नाही.

सासूबाई या सगळ्यात नव्हत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आतल्या खोलीत बसतात. बाहेर चला म्हणून मी दरवर्षी भांडते, त्या दरवर्षी दार लोटून घेतात. मला त्या प्रथेचा भयंकर संताप येतो, पण आमच्या घरात माझ्या संतापाला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सोफा आवरताना त्यांनी एक कूपन उचललं.

"अगं, हे सवाष्णींनाच असतं का?"

मला हसू आलं. "अहो आई, काहीतरीच काय!"

"नाही, मला काखेजवळ गाठीसारखं लागतंय. दिवाळीपासून."

तासाभरात आम्ही रिक्षात होतो.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, मग मशीनवर बराच वेळ पाहिली. आता तुकडा काढून तपासावा लागेल, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. मग सासूबाईंकडे वळून कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मा, याआधी कधी तपासलं होतं?"

"कधीच नाही."

"असं कसं? वर्षाने नाही तर दोन वर्षांनी तरी यायचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगत होत्या की सगळ्या, हॉलमध्ये," सासूबाई म्हणाल्या. "मी आत होते."