अंग न धरलेला मासा

जानेवारीत मुलगा त्या साथीच्या आजारातून उठला, पण उठला एवढंच. ताप गेला, खोकला गेला, तोंडाची चव मात्र परत आली नाही. स्वतः डॉक्टर असून तोच मला विचारायचा, "आई, यात मीठ घातलंयस का?" दोन घास खाऊन ताट सरकवायचा. अंगातले कपडे लोंबायला लागले होते. सूनही डॉक्टर, तिची ड्युटी चुकत नव्हती. निघताना रोज दारात म्हणायची, "आई, काहीही करा, पण त्याला खायला घाला." मी सहा महिन्यांसाठी आलेली, विमानं बंद झाल्यामुळे अडकलेली. मला दुसरं काम तरी काय होतं?

आयर्लंडमधल्या ट्रली गावापासून थोडं दूर आमचं घर, आणि मागच्या बाजूला डोंगरातून उतरणारी नदी. दुपारी मुलाला हळूहळू पुलापर्यंत चालवत न्यायची. तिथे तो कठड्याला टेकून दम खात उभा राहायचा. खाली शेजारचे म्हातारबाबा कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उभे असायचे. ट्राउट नावाचा मासा धरायचा मोसम नुकताच उघडला होता. त्यांच्या गळाला आमिष नसायचं. आकड्याला पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी असायची.

मी नदीकाठची. माझे वडील मासे मारूनच घर चालवायचे. तरी ही नदी मला कळत नव्हती. म्हातारबाबा खालून ओरडून सांगायचे आणि मुलगा मला मराठीत सांगायचा. पाणी इतकं गार आहे, की मासा खोल, संथ जागी तळाला बसून राहतो. खाण्यासाठी वीतभरही हलत नाही. माशी बुडवून अगदी त्याच्या तोंडासमोरून न्यावी लागते. सकाळी येऊन उपयोग नाही, गळाच्या काठीवरच्या कड्यांत बर्फ धरतो. बाराच्या पुढे थोडा वेळ मिळतो. मग उन्हाने शिखरावरचा बर्फ वितळून खाली येतो, पाणी चढतं, आणि होता नव्हता तो मासाही दडून बसतो.

"एवढं करून मिळतं काय?" मी विचारलं.

"गारठा," मुलगा म्हणाला. तेवढ्यापुरता हसला, मग त्याला धाप लागली.

पहिल्यांदा त्यांना मासा लागला तेव्हा मी पुलावरून वाकून पाहत होते. त्यांनी तो ओंजळीत धरला, आकडा काढला, आणि मासा पाण्यात गेला. "अगं बाई, सुटला!" मी ओरडलेच.

"सुटला नाही आई, सोडला."

"म्हणजे?"

"ते खात नाहीत. सोडून देतात."

आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला मरळ देतात, पातळ रश्शात शिजवून. त्याने अंगात ताकद येते. मी रोज घरात एका माणसाला झिजताना बघत होते, आणि हे म्हातारबाबा हातात आलेला मासा पाण्यात टाकत होते.

मला मागता येत नाही. दुकानात सुटे पैसे परत मागायलाही माझी जीभ उचलत नाही. पण एका दुपारी मुलगा पलंगावरून उठलाच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आज नको आई, पाय उचलत नाहीत." मी स्टीलचा डबा घेतला आणि एकटीच नदीवर गेले.

काठावर चिखल होता, गवत बर्फाने कडक झालेलं. म्हातारबाबांना मासा लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. बोटं बधिर झाली. मासा हातात आला तसा मी डबा पुढे केला आणि येत होते तेवढे शब्द म्हटले, "फिश. सन. सिक."

ते बराच वेळ काहीतरी बोलले. मग मासा आडवा धरून मला दाखवला. डोकं मोठं, पोट खपाटीला गेलेलं. अंडी घालून तो रिकामा झाला होता, एवढं मला न सांगता कळलं. "नो गुड," ते म्हणाले. "एप्रिल." म्हणजे अंग धरायला त्याला एप्रिल उजाडणार.

मी मान हलवली. "टुडे." आणि हात जोडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर आमच्या खिडकीकडे. खिशातून आखूड दांडकं काढून माशाच्या डोक्यावर मारलं. मासा डब्यात ठेवला, गळ गुंडाळला आणि चढण चढून गेले. चांगली वेळ अजून संपली नव्हती, पण त्या दिवशी ते परत पाण्यात उतरले नाहीत.

मी लसूण, मिरी, हळद घालून पातळ रस्सा केला. ताट घेऊन गेले तर मुलगा उठून बसला.

"तू मागितलास? तू? अगं, दुधात पाणी आहे म्हणून गवळ्याला सांगायला मला पाठवायचीस!"

"खा आता. थंड होईल."

त्याने एक घास घेतला, चावला, गिळला. मग तुकडा माझ्यापुढे धरला. "कसा आहे, सांग. मला काही कळत नाहीये."

मी खाल्ला. मासा ओल्या कापसासारखा होता. ना गोडी, ना वास. छान आहे म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"खरं सांगू? कशासारखाच नाही. नुसतं पाणी."

"मग मला बरोबरच लागतंय," तो म्हणाला.

आणि खायला लागला. खाली मान घालून, एकेक काटा ताटाच्या कडेला लावत. मध्येच थांबला.

"आई, मी सगळ्यांना सांगतोय की पुढच्या महिन्यात कामावर जाईन. मला नाही वाटत मी जाईन. जिना चढलो तरी छातीत धडधडतं. पुढे कधी जमेल तेही माहीत नाही."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो हे बोलला होता. बायकोशीही बोलला नव्हता. होईल सगळं नीट, असं मी म्हटलं नाही. त्याच्या ताटातला मासा उलटा केला, दुसऱ्या बाजूचे काटे काढले आणि तुकडे त्याच्यासमोर सरकवले. तेही त्याने खाल्ले.