मिस्त्रींचा डावा दात

तुरीचे तीन दाणे. दोन नाही, चार नाही. मिस्त्री ते डाव्या गालात सरकवायचे, डोळे मिटायचे, मान जरा कलती करायचे आणि चावायचे. मग क्षणभर ऐकत राहायचे. समोर ट्रक उभा असायचा, हमाल पोत्यांपाशी खोळंबलेले असायचे, तरी कुणी शब्द काढायचं नाही. डोळे उघडून ते म्हणायचे, "चालते." किंवा, "ओला हाय." कुणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेलं, "मले काय इचारता? दाताले इचारा."

सई, परवा तू फोनवर मला म्हणालीस, "आजी, मी ऑफिसात डॅशबोर्ड बनवते. डॅशबोर्ड म्हणजे काय, सांगू?" मी तुला सांगू दिलं, कारण तू फार छान समजावतेस. पण आता तुला आणि तुझ्या भावाला, ओमला, खरं सांगते. अकोल्याच्या ज्या डाळ मिलमध्ये मी इतकी वर्षं ऑफिस सांभाळलं, तिथल्या डॅशबोर्डाचे रकाने मीच आखले होते. आणि आखताना एक मोठी चूक केली होती. ती सांगायची तर आधी मिस्त्री सांगायला हवेत.

ते मूळचे दर्यापूरकडच्या एका खेड्यातले. घरची काळी जमीन भावांकडे सोपवून तरुणपणीच मिलमध्ये आले. उंच, काटक, डोक्याला नेहमी उपरणं गुंडाळलेलं. मिलमध्ये डाळ काढणाऱ्या मशीनच्या तीन लाइनी होत्या. तीन नंबरची सगळ्यात जुनी, ती मिस्त्रींची. एक आणि दोन नंबरवर नवी मशीनं आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेले दोन ऑपरेटर. मला ते म्याडम म्हणत. माझ्या फायलींवरच्या रंगीत चिठ्ठ्यांचं त्यांना भारी कौतुक होतं. "म्याडमच्या कपाटात मुंगी गेली तं तिलेबी नंबर भेटते," असं ते हमालांना सांगत.

करोनानंतर छोट्या शेठनी, म्हणजे मालकांच्या पुण्याहून शिकून आलेल्या मुलानं, नवं सॉफ्टवेअर आणलं. मुलगा हुशार आणि सरळ. त्याचं म्हणणं रास्त होतं. मिल अंदाजावर चालते, ती आकड्यांवर चालायला हवी. कुठल्या लाइनवर किती तूर गेली, अख्खी डाळ किती निघाली, फुटून चुरी किती झाली, मशीन किती वेळ बंद होतं, हे सगळं रोज भरायचं. सॉफ्टवेअर त्याचे आलेख काढणार आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दाखवणार, तोच आमचा डॅशबोर्ड. चुरी कमी तर लाइन हिरवी, जास्त तर लाल.

जुन्या रजिस्टरातले रकाने सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचं काम माझं. मी फार आनंदानं केलं. शेवटचा रकाना मात्र गाळला. त्याचं नाव होतं 'शेरा'. मिस्त्री तोंडानं सांगत आणि कारकून त्यात लिहून घेई. कुठे 'कटकन', म्हणजे चांगला वाळलेला, कुठे 'चिवट', कुठे 'पावसात भिजका, धीरानं घेणे'. याचा आलेख कसा काढणार? मिस्त्री शेजारीच उभे होते. म्हणाले, "म्याडम, तो राहू द्या न जी."

"मिस्त्री, 'चिवट' हा काही आकडा नाही."

"आकडा नाई, पन खरं हाय."

मी हसले आणि पुढचं पान उलटलं.

टीव्ही लागला आणि मिस्त्रींना तो फार आवडला. रोज सकाळी हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि तीन नंबरच्या लाल पट्टीशी बोलायचे, "काय वं बाई, आजबी लाल? काहून रागावून राह्यली?" सगळे हसायचे. मीही. पण महिना गेला, दुसरा गेला, आणि बाई काही हिरवी होईना. एक आणि दोन नंबर पोपटासारख्या हिरव्या, तीन नंबर रोज लाल.

एका सोमवारी छोट्या शेठनी मला बोलावलं. आवाज हळू होता. "काकू, तीन नंबर बंद करावी लागेल. जुनं मशीन आहे, चुरी सगळ्यांत जास्त आहे. मिस्त्रींचं वयही झालं. शनिवारी त्यांचा सत्कार करू, मानानं घरी पाठवू. त्यांच्याशी तुम्हीच बोला. माझ्याच्यानं होणार नाही."

समोर आलेख होता. माझेच रकाने, माझेच आकडे.

मशीनची मापं घ्यायच्या निमित्तानं मी खाली गेले. दर्यापूरकडून आलेला ट्रक रिकामा होत होता. मिस्त्री पोत्यापोत्यातून दाणे घेत होते, चावत होते आणि हात हलवत होते. "हे एक नंबरले. हे दोन नंबरले. हे माह्याकडे. हेबी माह्याकडे."

"तुमच्याकडे कोणती जातात, मिस्त्री?" मी विचारलं.

"भिजका माल, म्याडम. शेतात पानी लागलेला. ते पोरं अजून घाई करतेत. त्याईच्याकडे देला तं सारा चुरा करून टाकतीन."

"म्हणजे वाईट माल सगळा तुम्हीच घेता? पहिल्यापासून?"

"मंग? मिस्त्री कायले म्हनतेत मले? चांगली तूर तं मशीनबी फोडते."

मी तिथल्याच एका पोत्यावर बसले. माझ्या लक्षात आलं, की हे सगळं शेऱ्यात लिहिलेलं असायचं आणि शेरा मी पुसला होता. मी म्हटलं, "अहो, मग शेठना सांगितलं का नाही? ते तुमची लाइन बंद करायला निघालेत."

त्यांनी उपरण्याचं टोक सोडलं, परत खोचलं. मग म्हणाले, "माहीत हाय मले. पन सांगतलं तं पोरांच्या लाइनी लाल होतीन. आता कुठं त्याईचं नाव होऊन राह्यलं. तुमचा टीव्ही रंग सांगते, म्याडम. कारन नाई सांगत. त्याचा काय दोष?"

दोष टीव्हीचा नव्हताच. मी मिस्त्रींना घेऊन वर गेले आणि पुण्याच्या ज्या मुलीनं ते सॉफ्टवेअर बसवलं होतं, तिला फोन लावला. ती तुझ्याच वयाची, सई, आणि तुझ्यासारखीच भराभर बोलणारी. म्हणाली, "मॅडम, सोप्पं आहे. एक कॉलम वाढवू. नाव काय देऊ?" मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "दात लिहा." तिकडे ती मुलगी जी हसत सुटली ती थांबेना, पण तिनं 'दात' असंच लिहिलं. त्यात तीनच पर्याय ठेवले, 'कटकन', 'चिवट' आणि 'भिजका'.

सुदैवानं सॉफ्टवेअर आलं तरी कारकुनानं सवयीनं जुन्या रजिस्टरात शेरे लिहिणं सोडलं नव्हतं. मी त्याला त्यावरून रागावलेही होते. आता त्याच रजिस्टरवरून मी मागच्या तीन महिन्यांचा एकेक माल 'दात' रकान्यात भरला. शुक्रवारी दुपारी शेवटची ओळ भरली आणि छोट्या शेठना हाक मारली.

नुसता 'कटकन' माल पाहिला तर तिन्ही लाइनी हिरव्या. 'भिजका' निवडला तर पडद्यावर जवळजवळ एकटी तीन नंबर, फिकट लाल. जवळजवळ म्हणते, कारण दोन दिवस मिस्त्री नातीच्या लग्नाला गावी गेले होते आणि तेव्हा भिजका माल एक आणि दोन नंबरवर गेला होता. ते दोन दिवस पडद्यावर कुंकवासारखे लाल होते.

छोट्या शेठनी 'कटकन' आणि 'भिजका' पुन्हा आलटून पालटून निवडून पाहिलं. मग म्हणाले, "काकू, मी उद्या काय करणार होतो हो?"

"सत्कार," मी म्हटलं. "तो कराच. फक्त निरोपाचा नको."

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. मिस्त्रींच्या गळ्यात हार घातला तर त्यांनी तो काढून तीन नंबरच्या मशीनला घातला. छोट्या शेठनी जाहीर केलं, भिजका माल यापुढे तीन नंबरवरच जाईल आणि तिथे एकेक माणूस मिस्त्रींच्या हाताखाली शिकेल. दोन्ही ऑपरेटर मान खाली घालून उभे होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, "लेकाहो, तोंडं काहून पाडता? दोन दिवस मी नव्हतो तं मिल बंद नाई ठेवली तुमी, हे काय कमी हाय?"

ओलावा मोजायचं यंत्रही आलं. यंत्र आणि दात यांची रोज सकाळी झुंज लागे. बहुतेकदा दोघांचं जमे. जमलं नाही की मिस्त्री यंत्राला थोपटत आणि म्हणत, "नवा हाय बिचारा. शिकन."

मी एकदा विचारलं होतं, "डाव्याच बाजूनं का चावता?" आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. उजवीकडे एकही दाढ नव्हती. "लहानपनी बैलगाडीवरून पडलो. पन कोनाले सांगू नका. मी लोकाईले सांगतो, डावा खरं बोलते म्हनून."

मी कुणाला सांगितलं नाही. पुढे ती डावी दाढही हलू लागली आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी ती काढली. मिस्त्रींनी पुडीत बांधून ती मला दाखवायला आणली. "झाली म्याडम नोकरी. आता हे तीन नंबरवाली सांभाळन." तीन नंबरवाली म्हणजे पूर्वी डाळ पाखडायला येणारी एक बाई. सगळ्यांत शेवटी शिकायला आली आणि सगळ्यांत चांगलं शिकली. मिस्त्री गावी गेले. काही दिवसांनी मीही काम सोडलं आणि अमरावतीला आले.

गेल्या महिन्यात अकोल्याला लग्नाला गेले होते, तेव्हा मिलमध्ये डोकावले. टीव्ही आता आणखी मोठा आहे. भिजका माल घेऊनही तीन नंबर हिरवी होती. माल उतरत होता आणि ती बाई हातात टॅब घेऊन पोत्यांपाशी उभी होती. पडद्यावर 'दात' रकाना उघडा होता. तिनं तीन दाणे घेतले आणि डाव्या गालात सरकवले.

"डाव्याच बाजूनं का गं?" मी विचारलं.

"मिस्त्रीकाकानं सांगतलं न काकू, डावा खरं बोलते."

ती हसली. उजव्या बाजूला तिचे सगळे दात शाबूत होते. तिनं डोळे मिटले, मान जरा कलती केली, आणि हमालांबरोबर मीही गप्प उभी राहिले.