बेलभंडार उचलला नाही म्हणून

आमच्या गावात मतदान दोनदा होतं. एकदा शाळेत, बटण दाबून. आणि त्याच्या आधी महादेवाच्या देवळात, बेलभंडार उचलून. घरटी एक कर्ता माणूस पुढे येतो, बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेतो आणि शपथ वाहतो, की गाव ठरवेल त्यालाच घरची सगळी मतं. जुनी चाल आहे, तिला कुणी नाही म्हणत नाही.

त्या वर्षी निवडणूक ऐन हळदीच्या काढणीत आली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मत माझं हाय, देवाला मधी काहून घालता?" गुपचूप हात पुढे केला असता तर भागलं असतं. पण माझं डोकं म्हणजे तापलेला तवा. गाव ज्यांच्या मागे होतं त्यांचं बोलणं मला पटत नव्हतं, आणि देवापुढे खोटं तर मुळीच बोलायचं नव्हतं. घरी बायको म्हणाली, "एक हात उचलला असता तर झिजला असता का?"

गावाला मतदान केंद्र एकच, त्यामुळे कुणाला किती पडली ते झाकून राहत नाही. विरोधात वीस-बावीस मतं निघाली. आमच्या घरात मतं तीनच. हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही कळला असता, पण गावाला तो कळून घ्यायचा नव्हता. बेल उचललेले सगळे धुतल्या तांदळासारखे, आणि फुटला कोण, तर मी! माझ्या रामरामाला उत्तर येईनासं झालं. दुकानात गेलो की बोलणं थांबायचं. ज्या गावात माझी नाळ पुरलीय, तिथं हे व्हावं, ते मला फार लागलं.

त्यातच हळद निघाली. ओली हळद वेळेत शिजवली नाही तर सडते, आणि आमचं वर्ष त्या एका ढिगात होतं. शिजवायचा कुकर गावात एकाकडेच. दरसाल तो न बोलावता यायचा, बायकोला वहिनी म्हणायचा, भाकरी खाऊन जायचा. या खेपेला त्याचं "उद्या येतो, भाऊ" सुरू झालं. मी शेजारच्या गावचा कुकर सांगितला, तर तो फाट्यावरूनच परत फिरवला गेला. कुणी फिरवला, हे विचारायची गरज नव्हती.

ढिगाला वास सुटला तेव्हा मी सरळ कुकरवाल्याच्या घरी गेलो. त्यानं मला गोठ्यामागं नेलं, इकडंतिकडं पाहिलं.

"भाऊ, मी बी तिकडंच बटण दाबलं."

खरं सांगतो, त्याला मिठी मारावीशी वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आपण काही वेडे नाही. मी म्हणालो, "मंग चल की, जोड ट्रॅक्टरला कुकर."

"त्याच्यामुळंच तर येता येईना. बेल उचललाय मी. तुमच्या दारात कुकर लावला की माझ्यावर शक जाईल. तुमचं काय, तुमचं तर समद्यायला माहीतच हाय."

हात जोडून उभा होता तो. मला राग आला, कीवही आली. कुणाला सांगू नका म्हणाला, मी मान हलवली आणि परत आलो.

बायको ढिगातली मऊ पडलेली हळकुंडं वेगळी काढत होती. "काय म्हणला?"

"कुकर बिघडलाय."

तिनं वर पाहिलं नाही. एक हळकुंड बाजूला टाकत म्हणाली, "एवढ्या गावात आपल्यावाणी एक बी माणूस न्हाई का ओ?"

मी तिच्याजवळ बसलो आणि निवडायला हात लावला.

"न्हाई," मी म्हणालो.